घर ते घर : लांबच्या विमानप्रवासाचे अनुभवाचे बोल

माझी लेक न्यू जर्सीत राहते आणि सांगलीच्या माझ्या बहिणीचा मुलगा सॅन होजेला. मी साताऱ्याची. आमच्याकडे आता हे नवलाचं राहिलेलं नाही. सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडलेली मुलं पुण्या-मुंबईला जातात आणि त्यातली काही तिथून आणखी पुढे. मग लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या वाढदिवसाला आईवडिलांचं जाणं-येणं सुरू होतं.

जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न असतो, ‘विमानाला किती वेळ लागतो?’ मोबाइलवर दोन विमानतळांची नावं घातली की उत्तर समोर येतं. मुंबई ते न्यू जर्सीतलं नेवार्क सुमारे १२,५५० किलोमीटर, साधारण १६ तास. आकडा खरा असतो, पण तेवढ्यावर साठी-सत्तरीच्या माणसाच्या प्रवासाची तयारी होत नाही. भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर हा प्रवास पुन्हा पुन्हा घडला. पुस्तकातलं आणि अनुभवातलं असं दोन्ही जुळवून जे हाती आलं, ते नातेवाइकांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत आले. तेच इथे क्रमाने मांडते आहे.

१. तास घराच्या उंबऱ्यापासून मोजा

सांगलीहून मुंबईचं सहारचं विमानतळ रस्त्याने साधारण ३८० किलोमीटर, साताऱ्याहून २६० च्या आसपास. सांगलीची गाडी आष्टा, पेठनाका, कराड, तासवडे, सातारा, आनेवाडी, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर करत पुण्याच्या नवले पुलाशी येते, तेव्हा निम्म्याहून जास्त रस्ता मागे पडलेला असतो. पण वेळेचा भरवसा खरा तिथून पुढेच सुटतो. नवले पूल ते वाकड, मग बोरघाट, मग पनवेल ते मानखुर्द आणि शेवटी मुंबईतली गर्दी. यातल्या कुठल्याही एका ठिकाणी तास-दीड तास सहज जातो. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, गणपतीचे दिवस असले किंवा घाटात पाऊस कोसळत असला, तर विचारायलाच नको.

आता हिशेब मांडून बघा. सांगलीचं एक जोडपं दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला निघालं असं समजा. घर ते सहार ८ तास. वय झालेल्यांनी विमानतळावर ४ तास आधी पोचावं, म्हणजे ते ४. मुंबई ते दुबई सव्वातीन तास, दुबईत थांबा ४ तास, दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १६ तास. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, कस्टम्स मिळून २ तास आणि तिथून सॅन होजेचं घर पाऊण तास. बेरीज होते ३८ तास. त्यातले विमानात जातात जेमतेम १९. उरलेला अर्धा प्रवास जमिनीवरचा आहे, आणि नेमका तोच कुठल्याही तिकिटावर छापलेला नसतो.

म्हणून माझा पहिला सल्ला एवढाच की वहीच्या पानावर हे सगळे टप्पे एकाखाली एक लिहा आणि मगच तिकिटाला हात घाला.

२. जवळचं विमानतळ म्हणजे सोयीचं विमानतळ नव्हे

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आज नियमित प्रवासी विमान उतरत नाही. कराडची धावपट्टी लहान आहे. सांगलीजवळ कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या जागी विमानतळ व्हावं ही मागणी वर्षानुवर्षं चालत आली आहे. सांगलीकरांना सगळ्यात जवळचं म्हणजे कोल्हापूरचं उजळाईवाडीचं विमानतळ, सुमारे ५० किलोमीटरवर. कोल्हापूर-मुंबई विमानाला तासभर लागतो. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण अमेरिका-युरोपची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. कोल्हापूरचं विमान दिवसा मुंबईत उतरवतं आणि मग आठ-दहा तास कुठे काढायचे हा प्रश्न उभा राहतो. तिथे जवळचं कुणी असेल, पाठ टेकायला जागा असेल, तरच हा मार्ग सुखाचा.

साताऱ्याहून पुण्याचं लोहगाव जवळ. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि तिथून परदेशी थेट विमानं मोजकीच. पण पुण्याहून दिल्लीला आणि तिथून पुढे, असं एकाच तिकिटावर मिळत असेल तर विचार जरूर करावा. नकाशावर हा वळसा वाटतो, पण बोरघाट आणि मुंबईची गर्दी दोन्ही टळतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. आपल्या बाजूच्या माणसासाठी याचं मोल मोठं आहे, कारण वाशीची खाडी ओलांडून मुंबईत शिरावं लागत नाही. तुम्हाला हवं असलेलं विमान तिथून सुटतं का, हे तिकीट काढताना आधी बघावं. आणि मुंबईच्या दोन विमानतळांच्या नावात गल्लत होऊ देऊ नये.

महालक्ष्मी एक्स्प्रेसलाही विसरू नका. रात्री सांगली, कराड, साताऱ्यावरून निघते आणि सकाळी मुंबईत पोचवते. दिवसभर नातेवाइकांकडे विश्रांती घेऊन रात्रीचं विमान पकडायचं, हा जुन्या लोकांचा रिवाज आजही तितकाच पक्का आहे.

३. अंतर भिंतीवरच्या नकाशावर नाही, पृथ्वीगोलावर बघा

वर्गात मी एक प्रयोग दरवर्षी करायची. पृथ्वीगोल टेबलावर ठेवायचा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. मुलांना वाटायचं, दोरा अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक, अटलांटिक असा सरळ पश्चिमेला जाईल. तसा धरून ठेवला तर तो सैल पडतो. बोट हळूच सोडलं की दोरा आपसूक वर सरकायचा, कॅस्पियन समुद्राच्या बाजूने रशिया, स्कँडिनेव्हिया करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाकडे उतरायचा. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच. त्या दोऱ्याचं सगळ्यात वरचं ठिकाण ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतं, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी जवळ. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर सैबेरियावरून आणखी वर, थेट आर्क्टिकच्या बर्फावर चढतो. अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर.

सातारकरांना एक गंमत वाटेल अशी गोष्ट सांगते. सातारा शहर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नेवार्क ७४ अंश पश्चिमेवर. ग्रिनिचच्या रेषेपासून आई जितकी पूर्वेला, तितकीच लेक पश्चिमेला. मध्ये १४८ अंश. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे १४८ अंशांना ५९२ मिनिटं, १० तासांना फक्त ८ मिनिटं कमी. साताऱ्यात सूर्य डोक्यावर येतो त्यानंतर दहा तासांनी तो तिकडे डोक्यावर येतो. लेकीला फोन कधी करावा याचं गणित इथून सुरू होतं.

४. जाताना वेळ जास्त आणि येताना कमी, ही वाऱ्याची करणी

मुंबईहून नेवार्कला जाताना १६ तास आणि परतताना साडेचौदा, हे बघून बरेच जण म्हणतात, ‘पृथ्वी फिरते ना, म्हणून.’ तसं नाही. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. खरं कारण आहे उंचावरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर ते वाहतात, आणि लांबच्या विमानांची उंचीही तीच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ भरल्या कृष्णेत पोहणाऱ्याला प्रवाहाबरोबर जाणं आणि प्रवाहावर येणं यातला फरक सांगावा लागत नाही. विमानाचंही तेच होतं.

समोरच्या पडद्यावर नकाशा लावला की विमानाचा जमिनीवरचा वेग दिसतो. जाताना तो ताशी ८०० किलोमीटरच्या घरात रेंगाळतो, येताना हजाराच्या पुढे जातो. हिवाळ्यात हे वारे आणखी जोर धरतात. १७ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका प्रवासी विमानाचा जमिनीवरचा वेग वाऱ्याच्या जोरावर ताशी सुमारे १,२९० किलोमीटरपर्यंत गेला होता.

याच वाऱ्याचा उपयोग करून एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं, पण वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोचलं, एरवीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. जास्त किलोमीटर म्हणजे जास्त वेळ असा नेम नाही, हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नव्हतं.

५. तिकिटावरची दोन घड्याळं ओळखा

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून रात्री दीडला सुटलं आणि नेवार्कला त्याच तारखेला सकाळी साडेसातला उतरलं. घड्याळ म्हणतं ६ तास. त्यात दोन ठिकाणांमधला साडेदहा तासांचा फरक मिळवा, खरे तास आले साडेसोळा. येताना उलटं. नेवार्कहून सकाळी साडेअकराला सुटलं, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला आलं. घड्याळ म्हणतं २५ तास, त्यातून साडेदहा वजा करा, उरले साडेचौदा.

यात एक मेख आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. म्हणून न्यू जर्सीशी आपला फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. सॅन होजेशी साडेतेरा आणि साडेबारा.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे मध्यरात्रीनंतरचं विमान. तिकिटावर १२ तारीख, वेळ रात्री १.३० असेल तर घरातून ११ तारखेला निघायचं असतं, सांगलीहून तर ११ ला दुपारीच. कॅलेंडरवर सुटण्याच्या तारखेला नाही, घरातून निघण्याच्या तारखेला खूण करा. गाडीवाल्यालाही तीच तारीख सांगा.

६. आकाशातही रस्ते बंद होतात

घाटात दरड कोसळली की आपण वळसा घालतो. आकाशात दरड नसते, पण राजकारण असतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, पाठोपाठ भारतानेही पाकिस्तानच्या विमानांना मनाई केली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना मग व्हिएन्नाला इंधनासाठी थांबावं लागलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत हाच अनुभव आला होता. रशियाने २०२२ पासून अमेरिका आणि युरोपातल्या अनेक देशांच्या विमानांना आपल्या हद्दीत बंदी केली आहे. म्हणजे पृथ्वीगोलावर ताणलेला तो सरळ दोरा प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी वाकतो.

म्हणून मागच्या खेपेला किती तास लागले होते यावर या खेपेचा अंदाज बांधू नका. कुठली कंपनी कुठल्या देशाची, तिचं विमान आज कुठून जातं, मध्ये इंधनाचा थांबा आहे का, हे तिकीट काढताना बघा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा. पोचल्यावर लगेच लग्न, मुंज, दवाखान्याची वेळ असं काही ठेवू नका. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा हवाच.

७. थेट विमान की मध्ये थांबा, हे शरीराला विचारून ठरवा

यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. माझ्या बहिणीच्या यजमानांचे गुडघे दुखतात. त्यांना सलग १६ तास बसवत नाही. मध्ये दुबईला किंवा युरोपात उतरून चाललं, तोंड धुतलं, गरम काही घेतलं की त्यांचा पुढचा प्रवास सोपा होतो. मला मात्र थेट विमानच सोयीचं, कारण नव्या विमानतळावर फाटक शोधण्याची धावपळ मला झेपत नाही. दोघांनी एकमेकांचं अनुकरण करायचं कारण नाही.

थांबा घेणार असाल तर चार गोष्टी पाळा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. वेगवेगळी तिकिटं काढून दोन-चार हजार वाचतात, पण पहिलं विमान चुकलं किंवा उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. वय झालेल्यांसाठी थांबा तीन तासांपेक्षा कमी नसावा. युरोपातून जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे आधी विचारावं. आणि अमेरिकेत पुढचं देशांतर्गत विमान घ्यायचं असेल, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावरच इमिग्रेशन करून, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. त्याचा वेळ धरावा.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ‘मी काय आजारी आहे का?’ असं म्हणून आपल्याकडची बरीच माणसं संकोचतात. विमानतळावरचं चालणं एक-दीड किलोमीटरचंही असू शकतं, आणि रांगेत उभं राहणं त्याहून दमवणारं. गरज असलेल्याने ती मोकळेपणाने मागावी.

८. शरीर घाटातच दमायला लागतं, विमानात नव्हे

बरीच माणसं विमानातल्या तब्येतीची काळजी करतात आणि त्याआधीचे आठ तास गाडीत पाय दुमडून बसतात. चार तासांपेक्षा जास्त वेळ न हलता बसलं की पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, मग ते बसणं गाडीतलं असो की विमानातलं. सांगलीहून निघालेल्याने साताऱ्याजवळ एकदा आणि द्रुतगती मार्गाला लागण्याआधी एकदा खाली उतरून पाच-दहा मिनिटं चालावं. विमानात दीड-दोन तासांनी उठावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी थोडं थोडं घेत राहावं. स्वच्छतागृहात जावं लागेल म्हणून पाणी टाळायचं, ही आपल्या बायकांची सवय या प्रवासात फार महाग पडते.

विमानाच्या आतली हवाही समजून घ्या. विमान अकरा किलोमीटर उंचीवर असलं तरी आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवेत आपण सोळा तास बसतो, आणि ती हवा कोरडीही असते. हृदयाचा, दम्याचा त्रास असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना हा आकडा सांगून सल्ला घ्यावा.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कधीही मोठ्या बॅगेत नको. इन्शुलिन तर मोठ्या बॅगेत मुळीच नको, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांत लिहून घ्या.

आणि झोपेचं म्हणाल, तर शरीर नव्या घड्याळाशी दिवसाला साधारण एक तास या हिशेबाने जुळतं. दहा तासांचा फरक असेल तर आठ-दहा दिवस द्यावे लागतात. पोचल्याबरोबर लेकीने सहलीचा बेत आखला असेल तर प्रेमाने पुढे ढकलायला सांगा. सकाळच्या उन्हात फिरा, दुपारी लांब झोपू नका.

९. सामानही वेळ खातं

कंदी पेढे, सांगलीची हळद, बेदाणे, मेतकूट, काळा मसाला यांच्याशिवाय बॅग भरत नाही, हे मी जाणते. पण अमेरिकेत ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, रोपं, मांस यांना अटकाव आहे. खाण्याचं जे काही नेता ते सगळं कस्टम्सच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो आणि तास-दोन तास जातात. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही, त्यामुळे ते घरीच ठेवा. लोणचं मोठ्या बॅगेत जाईल, हातातल्या पिशवीत अडवतील.

१०. लांबचा मुलूख फक्त परदेशात नसतो

खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली गलाई व्यवसायातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यासाठी विट्याच्या परिसरातली कुटुंबं तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत जाऊन राहिली. गावच्या यात्रेला, लग्नसराईला ती परततात. त्यांच्याकडून मी एक व्यवहार शिकले. मुंबई-कोलकाता सुमारे १,६५० किलोमीटर, विमानाला पावणेतीन तास. पण विट्याहून मुंबईला जाणं, दोन तास आधी पोचणं, तिकडे उतरून घर गाठणं धरलं तर अख्खा दिवस जातो. तरीही कोलकात्याला विमान परवडतं, कारण रेल्वेचे दोन दिवस वाचतात. बंगळूरला जायचं असेल तर मिरजेहून रेल्वेत रात्र काढून सकाळी मुक्काम, हे विमानापेक्षा बरं. विमानाचा फायदा अंतर वाढेल तसा वाढतो. कमी अंतराला तो जमिनीवरच संपून जातो.

मागच्या पिढ्यांनी याहून कठीण वाटा तुडवल्या. किर्लोस्करवाडीचे शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये एमआयटीचे पदवीधर झाले. त्या काळात अमेरिका म्हणजे आठवडेच्या आठवडे बोटीचा प्रवास. ८ जून १९४८ ला मुंबईहून एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान ‘मलबार प्रिन्सेस’ निघालं, ते कैरो, जिनिव्हा करत १० जूनला पोचलं. आज तेच सुमारे ७,२०० किलोमीटरचं अंतर साडेनऊ-दहा तासांत होतं. सोळा तास जड वाटायला लागले की मी हे आठवते.

११. तातडीच्या वेळेचं बोलणं आधीच करून ठेवा

हे बोलायला कुणालाच आवडत नाही, पण या सगळ्या अंतरांचा खरा अर्थ इथेच कळतो. गावाकडे आईवडिलांपैकी कुणी गंभीर झालं किंवा गेलंच, तर सॅन होजेहून सांगलीला पोचायला, हातात तिकीट असलं तरी, दीड दिवस लागतो. तिकीट मिळण्याचा वेळ वेगळा. कितीही पैसे टाकले तरी हे तास एका मर्यादेखाली येत नाहीत. अशा वेळी इथे नातेवाईक फोनवर फोन करतात, ‘थांबायचं की नाही?’ आणि तिकडे मुलगा विमानतळावर जीव मुठीत धरून बसलेला असतो. त्या क्षणी कुणीही काही ठरवलं तरी ते पुढे मनात सलत राहतं.

म्हणून आम्ही दोघी बहिणींनी आमच्या मुलांशी बसून स्पष्ट बोलून ठेवलं आहे. आमच्या वेळी त्यांच्यासाठी किती वेळ थांबायचं, इथले निर्णय कुणी घ्यायचे, दवाखान्याची कागदपत्रं कुठे आहेत, हे कागदावर लिहिलेलं आहे आणि ते इथल्या जवळच्या नातेवाइकांनाही माहीत आहे. मुलांना सांगितलं आहे की पासपोर्ट, व्हिसाची मुदत संपू देऊ नका, परत जाण्यात अडचण येईल अशी कागदपत्रं अर्धवट ठेवू नका. हे बोलणं झाल्यापासून त्यांच्याही मनावरचं ओझं उतरलं आणि आमच्याही.

परदेशात असलेल्या मुलांना माझं एक मागणं आहे. आईवडिलांचं तिकीट काढताना पडद्यावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी तासांचं विमान वर दिसतं. ते लगेच घेऊ नका. त्यांना फोन करून विचारा की घरातून किती वाजता निघावं लागेल, मुंबईत टेकायला जागा आहे का, गुडघे कसे आहेत, सोबत कोण आहे. आणि आईवडिलांनो, तुम्हीही ‘तू काढशील ते चालेल’ म्हणून मोकळे होऊ नका. आधी घर ते घर तास मांडा, त्यात विश्रांतीचे तास घाला, मग मार्ग निवडा आणि भाडं सगळ्यात शेवटी बघा. तिकीट काढताना हाच क्रम ठेवा.